टिप्पर, पोकलेन आणि रोलरमध्ये माणसं सांभाळताना: साइटवर नव्याने आलेल्या सुपरवायझरसाठी

रस्त्याचं, कालव्याचं नाहीतर साठवण तलावाच्या भरावाचं काम सुरू झालं की नव्या सुपरवायझरच्या हातात पहिल्याच दिवशी तीन वह्या पडतात: लेव्हलची, डिझेलची आणि हजेरीची. मशीन आणि माणूस एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत हे कुणाचं काम, ते त्यातल्या एकाही वहीत लिहिलेलं नसतं. ते तुमचंच काम आहे असं धरून चला, कारण दुसरं कुणी ते करत नाही.

हा लेख डिप्लोमा करून नुकतेच साइटवर आलेले, गँग घेऊन पहिल्यांदा आलेले मुकादम आणि पोटठेका घेणारे यांच्यासाठी आहे. उदाहरणं मराठवाड्यातल्या कामांची आहेत: काळी माती, मुरमाचा भराव, ४२ अंशांचं ऊन आणि हंगामात रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हेल्मेट आणि जाकीट वाटले म्हणजे झालं, असं बहुतेकांना वाटतं. हेल्मेट डोक्यावर पडणाऱ्या दगडासाठी असतं. भरलेला दहाचाकी टिप्पर २८ टनांच्या आसपास जातो, त्याच्या चाकाला हेल्मेट कळत नाही. टिप्पर कुठून जाणार आणि माणूस कुठून चालणार, हे आदल्या संध्याकाळी फक्की (रेषा आखायची पांढरी भुकटी) मारून ठरवलं की निम्म्याहून जास्त काम होतं. बाकी सगळं त्यानंतर.

आधी जमवायचं: कागद आणि सामान

कागद:

- प्रत्येक गाडीचं आरसी, विमा, फिटनेस, पीयूसी. झेरॉक्स फाइलला लावा, पण मूळ कागद एकदा डोळ्यांनी बघा.
- चालक आणि ऑपरेटर यांचे परवाने. परवाना ज्याच्या नावाचा, तोच स्टेअरिंगवर आहे का ते आठवड्यातून दोनदा अचानक बघा. दुपारी चालक जेवायला बसला की क्लीनर गाडी ‘जरा पुढे’ घेतो, तिथेच घोळ होतो.
- कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी, म्हणजे साइटवर जिला डब्ल्यूसी म्हणतात ती. तीवरची कामगारसंख्या आणि तारीख तपासा. पॉलिसी २० माणसांची आणि हजेरी ४५ जणांची, असं सर्रास असतं.
- महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळातली नोंदणी. वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम, ही अट. ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराने द्यायचा असतो. तो अडवून ठेवू नका.
- एक कागद पत्र्याच्या ऑफिसच्या दारावर: १०८ (रुग्णवाहिका), १९१२ (वीज तक्रार), महावितरणच्या त्या भागातल्या शाखा कार्यालयाचा नंबर, जवळचं ग्रामीण रुग्णालय आणि साइटचा पत्ता. पत्ता लिहिताना चेनेज, म्हणजे कामाच्या सुरुवातीपासूनचं अंतर, लिहू नका. ‘चेनेज १४/२००’ रुग्णवाहिकेच्या चालकाला काहीच सांगत नाही. गाव, फाटा, कोणत्या मंदिराच्या किंवा पेट्रोल पंपाच्या पुढे, आणि साइटवर आत यायचा रस्ता कोणत्या बाजूने, असं लिहा.

सामान: फक्कीची दोन पोती, नायलॉनची दोरी, बांबू, कोन, ५० फुटी टेप, लाल-हिरव्या झेंड्या, शिट्ट्या, लाल-हिरवा प्रकाश देणाऱ्या बॅटऱ्या, प्रत्येक गाडीला चाकाखाली लावायचे दोन लाकडी ठोकळे, चार-पाच कुलपं, हिरवं शेडनेट.

जाकीट आयएस १५८०९, हेल्मेट आयएस २९२५, बूट आयएस १५२९८, हे भारतीय मानकांचे आकडे बिलावर आणि मालावर दोन्हीकडे बघून घ्या. रंगाचंही भान ठेवा. लाल मुरमाच्या धुळीत भगवं जाकीट चार दिवसांत मातीत मिसळून जातं, तिथे पोपटी-पिवळं उठून दिसतं. उसाच्या किंवा ज्वारीच्या कडेने काम असेल तर उलट. धुळीने मळलेल्या जाकिटाच्या चंदेरी पट्ट्या रात्री चमकत नाहीत, म्हणून माणशी दोन जाकिटं द्या आणि धुवायला पाणी द्या.

१. आदल्या संध्याकाळी फक्की मारा

सहा वाजता मशीन थांबल्यावर अर्धा तास काढा. मुकादम, एक टिप्पर चालक आणि पोकलेनचा ऑपरेटर सोबत घ्या. उद्याचं काम कुठे आहे ते बघत जमिनीवर चार गोष्टी आखायच्या.

टिप्परची वाट. जमेल तिथे एकेरी ठेवा: एकीकडून भरलेला येईल, दुसरीकडून रिकामा जाईल. टिप्पर अडीच मीटर रुंद असतो. एकेरी वाट किमान साडेचार-पाच मीटर हवी, दुहेरी असेल तर आठ-नऊ. शेवटी वळायला जागा नसली की प्रत्येक खेपेला गाडी उलटी येणार. २०-२५ मीटर व्यासाचं मोकळं वळण दिलं तर दहाचाकी एका दमात वळते. शेतकऱ्याची पडीक जमीन महिन्याभरासाठी भाड्याने घेऊन ते वळण केलं तर लागणारं भाडं, शंभर खेपांच्या रिव्हर्सच्या डिझेलपुढे आणि धोक्यापुढे फार नाही. त्यासाठी तुमच्या ठेकेदाराशी भांडा.

माणसांची वाट. मीटरभर रुंद पुरते, पण टिप्परच्या वाटेपासून वेगळी. मध्ये नुसती फक्की असली तर दुसऱ्या दिवशी कुणी बघत नाही. मुरमाचा गुडघाभर बांध घाला. पाण्याचा टँकर, जेवायची जागा आणि स्वच्छतागृह माणसांच्या वाटेच्याच बाजूला असलं पाहिजे. ते पलीकडे असेल तर माणसं दिवसातून दहा वेळा टिप्परची वाट ओलांडणार, तुम्ही कितीही ओरडा.

ओलांडायची जागा. शंभर माणसांनी शंभर ठिकाणी ओलांडण्यापेक्षा एक जागा ठरवा, दोन्ही बाजूंना कोन लावा, तिथे गाडी हळू होईल असा छोटा उंचवटा करा.

मशीन उभं करायची जागा. सपाट, उतारापासून दूर, माणसं झोपतात त्या जागेपासून लांब. पोकलेनची बकेट जमिनीला टेकलेली, जेसीबीची दोन्ही तोंडं खाली, चावी ऑपरेटरच्या खिशात. स्टेअरिंगला चावी लटकवून ठेवायची पद्धत मोडून काढा.

वेग २० पेक्षा जास्त नको. ताशी २० म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. चालकाला समोर माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच गाडी तेवढं अंतर काटते, ब्रेक लागायची गोष्ट त्यानंतरची. पाण्याचा टँकर वाटेवर वेळच्या वेळी फिरवा, कारण धुळीत मागच्या चालकाला पुढचं काहीच दिसत नाही.

२. आंधळी जागा सगळ्यांना प्रत्यक्ष दाखवा

हे एकदा केलं की पुढचे दहा भाषणांचे तास वाचतात. काम सुरू व्हायच्या आधी एक टिप्पर सपाट जागेवर उभा करा. इंजिन बंद, चावी तुमच्या खिशात, चाकाला ठोकळे. चालकाला त्याच्या जागी बसवा, आरसे रोज असतात तसेच ठेवा. आता एका बिगाऱ्याच्या हातात फक्कीची पिशवी द्या. तो गाडीला टेकून चालायला सुरुवात करेल आणि हळूहळू बाहेर सरकत जाईल. चालकाने ‘दिसला’ म्हटलं की तिथे चिमूटभर फक्की. असं गाडीभोवती सगळीकडून करा आणि ठिपके जोडा.

जो आकार तयार होतो तो बघून जुने बिगारीसुद्धा गप्प होतात. मागची बाजू तर पूर्ण जातेच. पण डाव्या दाराच्या खाली दोन-तीन मीटर आणि बोनेटच्या अगदी पुढे, बंपरला लागून उभा असलेला माणूसही चालकाला दिसत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. त्या पट्ट्यात चार-पाच जणांना वाकून खडी वेचायला बसवा, मग मुकादमाला चालकाच्या जागी चढवा आणि किती जण दिसतात ते विचारा.

पोकलेनचं, जेसीबीचं, रोलरचं असंच करा. पोकलेनमध्ये बूमच्या (लांब हाताच्या) उजव्या बाजूचं आणि मागच्या काउंटरवेटमागचं (तोल सांभाळणाऱ्या वजनामागचं) जवळजवळ काही दिसत नाही. गँग बदलली की हा खेळ पुन्हा.

३. रिव्हर्स: एक माणूस, एक शिट्टी

वळणाची जागा नसल्याने रिव्हर्स घ्यावाच लागला, तर प्रत्येक गाडीसाठी एकच माणूस इशारा देणार. त्याला झेंडीवाला म्हणा, काहीही म्हणा, पण त्याचं त्या वेळेत दुसरं काम नको. फावडं हातात असलेला माणूस झेंडीवाला नसतो.

तो कुठे उभा राहील ते महत्त्वाचं. गाडीच्या मागे कधीच नाही. आपल्याकडे स्टेअरिंग उजवीकडे, म्हणून मागच्या उजव्या कोपऱ्यापासून सहा-आठ मीटर लांब, तिरपा, चालकाच्या उजव्या आरशात पूर्ण दिसेल असा. गाडीबरोबर तो उलटा चालत जाणार नाही. उलटं चालणारा खडीवर अडखळून पडतो आणि गाडी त्याच्याकडेच येत असते.

चालकाला एकच नियम: झेंडीवाला आरशातून दिसेनासा झाला की ब्रेक. ‘असेल इथेच कुठेतरी’ चालणार नाही.

खुणा दहा ठेवू नका. थांब, ये, डावीकडे, उजवीकडे, आता पुरे. ‘थांब’ची खूण मात्र अशी असावी की ती कुणीही, अगदी पाणी देणाऱ्या मुलानेसुद्धा दिली तरी गाडी थांबलीच पाहिजे: दोन्ही हात वर आणि लांब शिट्टी. गँगमध्ये बिहारचे, तेलंगणाचे, तांड्यावरचे असे सगळे असतात; शब्द वेगळे, हाताची खूण एक.

नेहमी होणाऱ्या चुका:

- तिघे-चौघे एकदम ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणतात. त्यात कुणी ‘थांब’ म्हटलं तर ते ऐकू येत नाही.
- रिव्हर्सचा हॉर्न दिवसभर कानात घुमतो म्हणून त्याची वायर काढून ठेवलेली असते. सकाळी गाडी चालू झाली की रिव्हर्स टाकायला लावून ऐका. आणि हॉर्न वाजत असला तरी त्यावर भिस्त ठेवू नका. आठ गाड्या एकदम वाजत असल्या की आपल्यामागे कोणती येतेय ते कुणालाच कळत नाही.
- झेंडीवाल्याच्या हातात मोबाइल. शिफ्ट संपेपर्यंत तो मुकादमाकडे जमा.
- कंटाळा. उन्हात उभा झेंडीवाला दोन तासांनी बघतो, पण त्याला दिसत नाही. दर दोन तासांनी बदला.

४. भराव खाली करताना

काळी माती वरून वाळलेली, कडक आणि भेगाळलेली दिसते आणि आत ओली असते. मृगाचा एक चांगला पाऊस पडला की पाणी त्या भेगांतून खाली उतरतं, कडेची माती फुगते आणि मागची चाकं कडेवर आली की ढिगारा सुटतो. म्हणून टिप्पर कडेपर्यंत नेऊन खाली करू नका. कडेच्या तीन मीटर आधी खाली करा आणि जेसीबीने किंवा डोझरने ढकलून घ्या. कडेला चाकाच्या निम्म्या उंचीएवढा, म्हणजे अर्धा मीटर किंवा थोडा जास्त, मातीचा बांध हवा. तो चालकाला ‘इथे संपलं’ हे सांगण्यासाठी असतो, त्यावर टायर टेकवून थांबायला नसतो. पाऊस झाल्यावर सकाळी आधी तुम्ही कडेने चालून बघा. कडेला समांतर नवी भेग दिसली तर त्या दिवशी तिकडे गाडी नाही.

टिप्पर बाजूला उलटतो तो हौदा वर असताना. एका बाजूचं चाक जरा खाली आणि ओला मुरूम हौद्यात एका अंगाला चिकटलेला, एवढं पुरतं. म्हणून खाली करायची जागा आडवी सपाट हवी, आणि हौदा वर जात असताना दोन्ही बाजूंना सात-आठ मीटर कुणी नको. माणसं मागे उभं राहू नये एवढं जाणतात, बाजूचं विसरतात.

मुरूम चिकटून राहिला तर चालक गाडी पुढे घेऊन जोरात ब्रेक मारतो, झटक्याने माल सुटतो. हे थांबवा. हौदा खाली घ्या, इंजिन बंद करा, लांब दांड्याच्या फावड्याने बाजूने मोकळा करा. वर उचललेल्या हौद्यात कुणी चढायचं नाही.

फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, हाताने उघडणारा माणूस मागे नव्हे, बाजूला उभा राहील. हौद्याखाली ग्रीस मारायला किंवा पाइप बघायला जाणाऱ्याने आधी आधाराचा लोखंडी दांडा लावलाच पाहिजे. जॅकमधलं तेल सुटलं की हौदा हाक मारून खाली येत नाही.

हौदा वर ठेवून गाडी हलवायची नाही. हा नियम पुढच्या मुद्द्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा.

५. वरच्या तारा

शेतातून जाणारी ११ केव्हीची लाइन बघून कुणी दचकत नाही, कारण ती लहानपणापासून डोळ्यांसमोर असते. टिप्परचा हौदा पूर्ण वर गेला की त्याचं टोक सहा मीटरच्या आसपास जातं. पोकलेनची बूम त्याहून वर. तार खेटायची गरज नाही, जवळ गेलं तरी वीज उडी मारते.

आणि भराव वाढत जातो. मूळ जमिनीपासून तार सहा मीटर उंच असेल आणि तुम्ही दीड मीटर भराव केला, तर आता ती साडेचार मीटरवर आली. तारेची उंची भरावाच्या नव्या माथ्यापासून धरा.

उंची मोजायची कशी? बांबूने नाही, लेव्हलच्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्टाफने (मोजपट्टीने) तर मुळीच नाही. तारेखाली स्टाफ उभा करणं हे सर्व्हेच्या पोरांच्या हातून होणारं सगळ्यात जीवघेणं काम आहे. टोटल स्टेशनने, म्हणजे सर्व्हेच्या दुर्बिणीच्या यंत्राने, लांबून मोजा.

मग लाइनच्या दोन्ही बाजूंना, पाच-सहा मीटर अलीकडे, दोन वाळके बांबू आणि मध्ये आडवी नायलॉनची दोरी असं कमानीसारखं उभं करा, दोरीला रंगीत चिंध्या. दोरीची उंची अशी की हौदा खाली असलेली गाडी जाईल, वर असलेली अडेल. लोखंडी तार वापरू नका. लाइनखाली माल ओतणं, पोकलेन लावणं, गाडी लावून ठेवणं बंद.

लाइनच्या खालीच काम करावं लागणार असेल तर महावितरणला लेखी अर्ज, त्यांचं लेखी परमिट आणि त्यांचा माणूस जागेवर. ‘भाऊ, बंद केलीय’ असा फोन म्हणजे परमिट नव्हे.

तारेला गाडी लागलीच तर चालकाने आत बसून राहायचं आणि जमलं तर गाडी तारेपासून दूर घ्यायची. बाकीच्यांनी किमान दहा मीटर लांब. कुणी गाडीला हात लावायचा नाही. गाडी पेटली तरच उतरायचं, आणि तेही पायरीवरून नाही: दोन्ही पाय जोडून उडी, गाडी आणि जमीन एकदम शरीराला लागता कामा नये, मग पाय जोडूनच छोट्या उड्या मारत लांब जायचं. हे आधी मोकळ्या गाडीवर करून दाखवा. १९१२ वर कळवा.

६. पोकलेन आणि जेसीबीचा फेरा

पोकलेन एका जागी उभं राहून गोल फिरतं. २० टनी पोकलेनची बकेट नऊ-दहा मीटरपर्यंत पोचते, मागचं काउंटरवेट पावणेतीन-तीन मीटरचा फेरा मारतं. पुढून मारलेला माणूस क्वचित. मागून दाबला गेलेला जास्त. काउंटरवेट आणि भिंत, भरावाचा उभा कट किंवा दुसरं मशीन यांत किमान एक मीटर जागा राहील असंच पोकलेन लावा. तेवढी जागा होत नसेल तर मागे दोरी बांधून ती बाजूच बंद करा.

जवळ जायचं असेल, उदाहरणार्थ पाइप लावायला किंवा लेव्हल बघायला, तर क्रम असा: ऑपरेटरची नजर मिळवा, हात वर करा, तो बकेट जमिनीला टेकवेल आणि दोन्ही हात लिव्हरवरून काढून दाखवेल, मग जा. बाहेर आल्यावर पुन्हा हात. मधल्या काळात तो मोबाइलवर बोलला तरी चालेल, लिव्हरला हात नको.

बकेटमध्ये बसून खाली उतरणं, बकेटमध्ये उभं राहून वरचं काम करणं, जेसीबीच्या पायरीवर लटकून साइटभर फिरणं, तिन्ही बंद. जेसीबीत एकच सीट असते.

चर खोदताना: दीड मीटरपेक्षा खोल गेलात की बाजूला आधार द्या नाहीतर उतार काढा. काढलेली माती चरीच्या कडेपासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मी, यातलं जे जास्त असेल तितकी लांब टाका. चरीत माणसं असताना कडेने टिप्पर नको, रोलर तर नकोच. काळ्या मातीत भिंत सरळ उभी दिसते म्हणून लोक दोन-अडीच मीटर तशीच उतरतात. ती संध्याकाळपर्यंत उभी राहते. रात्री दव आणि सकाळी कंपन, मग सुटते.

७. रोलर आणि पेव्हर

रोलर हळू चालतो, म्हणून कुणी घाबरत नाही. घाबरावं. १०-११ टनी रोलरच्या ड्रमपुढे ऑपरेटरला जमीन दिसत नाही, आणि तो सारखा पुढे-मागे करतो, त्यामुळे ‘आता गेला’ म्हणून वळलेल्या माणसाच्या पाठीवर तो परत येतो. ड्रमला चिकटलेलं डांबर चालत्या रोलरवर खरवडायचं नाही.

डांबराच्या कामात टिप्पर उलटा येऊन पेव्हरला (डांबराचा माल पसरणाऱ्या मशीनला) टेकतो. त्या दोघांमध्ये, हॉपरमध्ये (माल ओतायच्या टोपात) सांडलेला माल सरकवायला माणूस घुसतो. टिप्पर टेकून थांबेपर्यंत त्या फटीत कुणी नको, हे पेव्हरच्या ऑपरेटरला सांगून ठेवा. हॉर्न तोच देईल.

८. फिरणारे भाग: मिक्सर, पट्टा, ट्रॅक्टरचा शाफ्ट

पाण्याच्या पंपाला किंवा टँकरला ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे मागचा फिरणारा शाफ्ट, जोडलेला असतो. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचा घेर वीतभर धरला तरी एका सेकंदात दोन मीटरच्या आसपास कापड गुंडाळलं जातं. माणूस हात मागे घेईपर्यंत गमछा, ओढणी, शर्टाची बाही सगळं आत गेलेलं असतं. शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर असतं ते तुटलं की कुणी नवं लावत नाही. कव्हर नसलेला ट्रॅक्टर साइटवर घेऊ नका.

साडी नेसणाऱ्या बाया पदर कमरेला घट्ट खोचून वर पुरुषी शर्ट घालतात, बटणं लावून. ही पद्धत चांगली आहे, ती मिक्सरजवळ सक्तीची करा. शर्ट देणं तुमच्या खर्चात. हातातल्या सैल बांगड्यांवर रुमाल किंवा पट्टी गुंडाळायला सांगा. पुरुषांचा गमछा गळ्यात नको, डोक्याला बांधा.

काँक्रीट मिक्सरचा वर उचललेला हॉपर साखळीने अडकवल्याशिवाय खाली कुणी साफसफाईला वाकायचं नाही. क्रशरचा किंवा प्लांटचा पट्टा चालू असताना पुलीजवळचा गाळ काढायचा नाही, फावड्यानेही नाही. पट्टा फावडं ओढतो आणि फावड्यामागे हात जातो.

दुरुस्ती करणाऱ्याने मेन स्विच बंद करून स्वतःचं कुलूप लावायचं, चावी स्वतःच्या खिशात. दोघे काम करत असतील तर दोन कुलपं. ‘स्विचजवळ पोरगा उभा केलाय’ हे कुलूप नव्हे. पोरगा लघवीला जातो, आणि तेवढ्यात दुसरा कुणी बटण दाबतो.

९. ऊन आणि सावली

हा मुद्दा बाहेरच्या सुरक्षेच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही, आणि आपल्याकडे तो सगळ्यात मोठा आहे. एप्रिल-मे महिन्यांत उघड्या माळावर सावली फक्त एकाच गोष्टीची असते: उभ्या टिप्परची. जेवण झालं की माणसं त्याखाली आडवी होतात. बाया तान्ह्या मुलाची झोळी चेसिसला बांधतात. अडीच वाजता चालक येतो, वर चढतो, चावी फिरवतो.

उपाय दोन, दोन्ही लागतात.

पहिला, दुसरी सावली द्या. बांबू आणि हिरव्या शेडनेटचा मांडव, माणशी आडवं होता येईल एवढा, जवळ पाण्याचा माठ, आणि मुलांसाठी झोळीला वेगळी जागा. टिप्परपेक्षा हा मांडव जास्त थंड असेल तरच माणसं तिथे जातील. कापड दोन थरांत लावा आणि वारा येणारी बाजू उघडी ठेवा. शक्य असेल तर उन्हाळ्यात कामाची वेळच बदला: सकाळी सहा ते अकरा, दुपारी चारपासून पुढे.

दुसरा, गाडी चालू करण्याआधीचा क्रम. चालक गाडीभोवती पूर्ण एक फेरी मारेल, वाकून खाली बघेल, फाळक्यावर हाताने तीन थापा मारेल, वर चढून दोनदा हॉर्न देईल, दहापर्यंत मोजेल, मग चावी. चहाच्या सुट्टीनंतरसुद्धा. सगळ्यांना हसू येतं पहिले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सवय लागते.

१०. रहदारी चालू असलेल्या रस्त्यावर

धुळे-सोलापूर किंवा नांदेड-लातूरसारख्या रस्त्याच्या कडेला काम असेल तर आयआरसी एसपी ५५ ही कामाच्या जागेवरच्या रहदारीची मार्गदर्शिका ऑफिसात हवी. तिचा गाभा सोपा आहे: आधी सूचनेचे फलक, मग कोनांनी हळूहळू अरुंद होत जाणारी वाट, मग कामाचा पट्टा, मग वाट पुन्हा मोकळी. गडबड होते ती दुसऱ्या टप्प्यात. कोन कमी असतात म्हणून लोक वाट एकदम आवळतात आणि गाडी सरळ कामात घुसते.

ऊस हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येतो. त्याला पटकन थांबता येत नाही, मागच्या ट्रॉलीला दिवा बहुधा नसतो आणि ऊस बाजूला दीड-दोन फूट बाहेर आलेला असतो. वाट आखताना त्या रुंदीचा विचार करा. शेवटच्या कोनाला घासून जाणारा ऊस, कोनाजवळ उभ्या झेंडीवाल्यालाही घासतो.

११. अपघात झालाच तर

गाडीखाली माणूस सापडला की सगळे ओरडतात, ‘मागे घे!’ चालकाने काही करायचं नाही. माणूस कुठे अडकलाय ते बघून, एकाच माणसाने सांगून, मगच गाडी हलवायची. घाईत मागे घेतलेलं चाक त्याला दुसऱ्यांदा चिरडतं. इंजिन बंद, चाकांना ठोकळे. रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. पाणी पाजू नका. १०८ ला फोन करणारा एक, फाट्यावर रुग्णवाहिकेला वाट दाखवायला दुचाकीवर उभा एक.

त्यानंतर मशीन होतं तिथेच राहू द्या, फोटो काढा, टायरच्या खुणांवर पाणी मारू देऊ नका. पोलिसांना आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. घरच्यांना कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टँपवर सही करायला लावणारे मध्यस्थ दवाखान्याच्या आवारातच भेटतात. कायद्याने मृत्यूच्या भरपाईची रक्कम त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करायची असते, परस्पर हातात देऊन मिटवायची नसते. हे मुकादमाला आधीच सांगून ठेवा, कारण घरचे पहिला फोन त्यालाच करतात.

आणि ज्या दिवशी नुसतं ‘थोडक्यात वाचला’ असं झालं, त्या दिवशी हजेरीच्या वहीच्या शेवटच्या पानावर तीन ओळी लिहा: कुठे, कोणती गाडी, माणूस तिथे का आला होता. तिसरी ओळ टाळू नका. ‘लक्ष नव्हतं’ असं लिहून सोडू नका. तो पाणी प्यायला आला असेल, सावलीला आला असेल, त्याला दुसरी वाट नसेल. संध्याकाळी फक्कीची पिशवी घेऊन बाहेर पडताना ते पान आधी उघडायचं.